दुबईला शिकायला जायचंय? आधी घरातली कागदपत्रं काढा

गोव्यातल्या घराला आखात नवखं नाही. वाड्यावरचा कुणी ना कुणी दुबई-शारजाला असतोच, त्यामुळे बारावीनंतर तिथे शिकायला जायचा विषय निघाला की सल्ले फुकट मिळतात. हे सल्ले बहुतेक नोकरीवाल्यांचे असतात. विद्यार्थ्याची वाट वेगळी आहे आणि ती अडते ती कागदांपाशी. एक कागद दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर उभा असतो. पहिलाच वाकडा असला तर जुलैत, फी भरून झाल्यावर, सगळं थांबतं. म्हणून सप्टेंबरच्या प्रवेशासाठी आदल्या वर्षीच्या चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, लगेच कामाला लागावं.

विद्यापीठ कसं पारखायचं

संयुक्त अरब अमिरातीत स्थानिक विद्यापीठं आहेत, तसेच परदेशी विद्यापीठांचे उपपरिसरही आहेत. दुबईत वोलोंगाँग १९९३ पासून आहे, बिट्स पिलानी २००० पासून, हेरियट-वॉट आणि मिडलसेक्स २००५ पासून, बर्मिंगहॅम २०१८ पासून. अबू धाबीत सोर्बोन, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि अलीकडे आयआयटी दिल्ली. शारजात अमेरिकन युनिव्हर्सिटी. जुवारीनगरच्या बिट्सचा कटऑफ हुकला म्हणून अनेकांना दुबईचं बिट्स आठवतं. तिथे बारावीच्या गुणांवरही प्रवेश होतो, पण फी दिरहममध्ये असते हे लक्षात ठेवूनच तुलना करा.

कुठल्याही ठिकाणी अर्ज करण्याआधी तीन प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. पदवीवर नाव कुणाचं छापलं जाणार, मूळ विद्यापीठाचं की स्थानिक संस्थेचं? परवाना कुणाचा: केएचडीएचा (दुबईचं शिक्षण प्राधिकरण), सीएएचा (संघराज्याचा शैक्षणिक मान्यता आयोग) की दोन्हींचा? आणि तुमचा नेमका अभ्यासक्रम त्या परवान्यात आहे का? तिसरा प्रश्न लोक विसरतात. संस्थेला परवाना असतो, पण नवा सुरू केलेला अभ्यासक्रम मंजुरीच्या रांगेत असतो, असं होऊ शकतं.

परत येऊन गोवा विद्यापीठात पुढे शिकायचं किंवा सरकारी नोकरीला अर्ज करायचा तर समकक्षता, म्हणजे परदेशी पदवी भारतीय पदवीच्या बरोबरीची असल्याची मान्यता, लागते. यूजीसीने २०२५ साली परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम काढले. त्यानुसार उपपरिसरातल्या पदवीने मूळ देशाच्या आणि जिथे परिसर आहे त्या देशाच्या, दोन्हीकडच्या अटी पाळलेल्या असाव्या लागतात. फ्रँचायझी पद्धतीने चालवलेले अभ्यासक्रम त्यात बसत नाहीत. 'अमुक विद्यापीठाच्या सहकार्याने' असं माहितीपत्रकात वाचलं की थांबून नीट चौकशी करा. वैद्यकीय शिक्षणाचं गणित निराळंच आहे: 'नीट' ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण असणं, किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. यातली एक अट हुकली तरी भारतात डॉक्टरकी करता येत नाही.

नाव, आडनाव आणि गावाचं नाव

गोव्याची खास अडचण इथे आहे. जन्मनोंदणीत पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, शाळेत इंग्रजी वळणाचं आणि पासपोर्टवर तिसरंच. नाईक हे आडनाव एके ठिकाणी शेवटी 'के' लावून येतं, दुसरीकडे 'क्यूयूई' लावून. प्रभूचं पोरोबो होतं, कामतचं कामोतिम, गावकरच्या मधल्या अक्षरांत कधी 'व्ही' असतो, कधी 'यू'. जन्मस्थान एका कागदावर डिचोली आणि दुसऱ्यावर बिचोलिम. आपल्याला ते एकच वाटतं. तिकडचा कारकून अक्षरं जुळवतो, इतिहास नाही.

टेबलावर चार कागद शेजारी ठेवा: जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, पासपोर्ट. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, असं एकेक अक्षर तपासा. जन्मदाखला आणि गुणपत्रिका जुळत असतील आणि पासपोर्टच चुकला असेल तर काम सोपं, पासपोर्ट दुरुस्तीसह पुन्हा काढायचा. गुणपत्रिका चुकली असेल तर उच्च माध्यमिक विद्यालयामार्फत बोर्डाकडे जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. जन्मनोंदच बदलायची असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा नाव व आडनाव बदल कायदा आहे आणि अर्ज नागरी निबंधकांकडे जातो. 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' अशा प्रतिज्ञापत्रावर आपल्याकडे पुष्कळ कामं निभतात. परदेशात त्याच्या भरवशावर राहू नये.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी भरून घ्या. एकेरी नावाच्या पासपोर्टवर अमिरातीने २०२२ पासून भेटीच्या व्हिसासाठी निर्बंध घातले आहेत, आणि आई-वडिलांना भेटायला यायचं झालं तर त्यांनाही ते लागू होतात.

वयाचंही पाहा. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा वय १८ होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. बारावीतल्या बऱ्याच मुलांचा पासपोर्ट म्हणूनच ऐन प्रवेशाच्या वेळी संपतो. १५ ते १८ वयात नवा काढताना १,५०० रुपये भरून थेट दहा वर्षांचा मागता येतो, तोच मागा. अठरा पूर्ण नसतील तर पासपोर्ट अर्जाच्या परिशिष्ट डीवर आई-वडील दोघांच्याही सह्या लागतात. वडील तारवटी असतील आणि बोट ब्राझीलच्या किनाऱ्याला असेल तर ही साधी सही महिनोन्महिने अडते. ते सुट्टीवर घरी असतानाच अर्ज करून टाका.

अर्ज

हा भाग लोकांना वाटतो तितका कठीण नाही. बहुतेक ठिकाणी ऑनलाइन अर्ज, दहावी-अकरावी-बारावीचे गुण, पासपोर्टची प्रत आणि इंग्रजीचा पुरावा एवढंच लागतं. आयएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, पण अनेक विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर ती परीक्षा माफ करतात. परीक्षेची फी भरण्याआधी हे विचारा. गोवा बोर्डाचा बारावीचा निकाल इतर राज्यांच्या मानाने लवकर लागतो, त्याचा फायदा घ्या. निकालाआधी सशर्त प्रवेशपत्र घेऊन ठेवायचं आणि गुणपत्रिका आली की ते पक्कं करून घ्यायचं. गुण कमी पडले तर फाउंडेशन वर्ष सुचवलं जातं. म्हणजे एक जादा वर्ष, एक जादा फी. तो आकडा घरच्यांसमोर स्पष्ट मांडा.

पणजी-मडगावचे सल्लागार विद्यार्थ्याकडून पैसे घेत नसले तरी त्यांना विद्यापीठाकडून दलाली मिळते. त्यात गैर काही नाही. फक्त त्यांच्या यादीत नसलेलं विद्यापीठ ते तुम्हाला सुचवणार नाहीत, एवढं ओळखून असा. फी मात्र विद्यापीठाच्या खात्यातच भरा, आणि भरण्याआधी व्हिसा नाकारला तर किती परत मिळणार ते परताव्याच्या अटींत वाचा.

साक्षांकन: इथे घाई चालत नाही

साक्षांकन म्हणजे कागद खरा असल्याचे सरकारी शिक्के. एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करणाऱ्या देशांच्या अपोस्टिल करारात भारत २००५ पासून आहे. अमिराती त्यात नाही. म्हणून युरोपला जाणाऱ्या मित्राने एका शिक्क्यात काम उरकलं तरी तुमचं तसं होणार नाही. बारावीच्या मूळ प्रमाणपत्राला क्रमाने पुढचे शिक्के लागतात: आधी राज्य सरकारचा, म्हणजे पर्वरीच्या सचिवालयातल्या संबंधित खात्याचा, मग केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या भारतातल्या दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा, आणि शेवटी तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. क्रम उलटा करता येत नाही. राज्याच्या शिक्क्याआधी बोर्डाकडून पडताळणी मागितली जाऊ शकते, म्हणून प्रमाणपत्र हातात आलं की त्याच आठवड्यात चौकशीला जा.

इथे सर्वांत जास्त मुलं अडकतात ती लॅमिनेशनमुळे. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदाला बुरशी लागते, म्हणून आई-बाबा प्रेमाने प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये बंद करून आणतात. शिक्के मूळ कागदाच्या पाठीमागे बसतात, प्लास्टिकवर नाही. ते सोलायला गेलं तर शाई प्लास्टिकसोबत येते आणि मग बोर्डाकडून दुसरी प्रत काढावी लागते. कागद साध्या फाइलमध्ये, सिलिका जेलची पुडी टाकून, डब्यात ठेवा. डिजिलॉकरमधली प्रत अर्जाला चालेल, साक्षांकनाला मूळच लागते. पाठवण्याआधी दोन्ही बाजू रंगीत स्कॅन करून ठेवा.

पैसे

दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे: एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. म्हणून डॉलरच्या भावाला ३.६७ ने भागलं की दिरहमचा भाव कळतो; डॉलर ८८ रुपयांना असेल तर दिरहम साधारण २४ ला. रुपया घसरला की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची फी आपोआप वाढते, तेव्हा अंदाजपत्रकात दरवर्षी थोडी वाढ धरूनच चाला. खासगी विद्यापीठांच्या फीवर ५ टक्के व्हॅट असतो आणि माहितीपत्रकातला आकडा पुष्कळदा व्हॅटशिवायचा असतो. व्हिसा, विमा, अनामत, वसतिगृह हे सगळं त्यावर वेगळं. 'एकूण पहिल्या वर्षी किती' असा एकच आकडा विद्यापीठाकडून लेखी मागवा.

कर्जाचा विचार असेल तर गोवा शैक्षणिक विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेत परदेशी शिक्षण आणि तुमचा अभ्यासक्रम बसतो का ते आधी पाहा. वास्तव्याचा दाखला मामलेदारांकडून वेळेत काढून ठेवा. बँकेच्या मोठ्या कर्जाला तारण लागतं, आणि गोव्यात तारणाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. घर असतं, पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव आजोबांचं असतं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, काकांचे हिस्से तोंडी ठरले, वारसा-विलेख (वारस कोण ते नोंदवणारा दस्त) कधी केलाच नाही. बँकेचा वकील अशी फाइल परत पाठवतो. हे नोटरीसमोरच्या वारसा-विलेखाने सुटतं, किंवा वारसांत वाद असेल तर न्यायालयातल्या इन्व्हेंटरीने (मालमत्तेची यादी करून वाटणी), आणि दोन्हींना लागणारा वेळ विद्यापीठाच्या मुदतीत बसत नाही. घर मुंडकारी (दुसऱ्याच्या जमिनीवर राहण्याच्या हक्काचं) असेल आणि खालची जमीन अजून भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नावे असेल तर ते तारण म्हणून धरूच नका.

शिवाय इथल्या नागरी कायद्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायको दोघांची असते, म्हणून गहाणखतावर दोघांचीही सही हवी. बाबा बोटीवर असतील तर त्यांनी जाण्याआधी मुखत्यारपत्र करून ठेवावं, आणि त्यात 'गहाण ठेवण्याचा अधिकार' हे शब्द नेमके असावेत. नुसत्या 'व्यवहार पाहण्याच्या' मुखत्यारपत्राला बँक विचारत नाही.

पैसे पाठवताना बँकेत ए-२ फॉर्म (परदेशी रक्कम पाठवण्याचा अर्ज) आणि प्रवेशपत्र द्यावं लागतं. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापत नाहीत, आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्ज काढून भरलेल्या फीवर अजिबात कापत नाहीत. ही मर्यादा प्रत्येक पॅनला स्वतंत्र आहे. कापला गेलाच तर तो विवरणपत्रात परत मागता येतो, बुडत नाही.

व्हिसा कुणाच्या नावावर

दोन वाटा आहेत. पहिली विद्यापीठाची: अनामत भरली की विद्यापीठच प्रवेश परवाना काढतं. तो मिळाल्यापासून ६० दिवसांत देशात शिरायचं. पुढचा रहिवास साधारण वर्षाचा असतो आणि दरवर्षी नूतनीकरण होतं.

दुसरी वाट गोव्यातल्या अनेक घरांना उपलब्ध असूनही सुचत नाही. आई किंवा वडील तिथे नोकरीला असतील तर ते मुलाला आपल्या नावावर आणू शकतात: मुलगा २५ वर्षांपर्यंत, अविवाहित मुलगी वयाच्या अटीशिवाय. पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय. यासाठी मुलाचा जन्मदाखलाही वर सांगितलेल्या क्रमाने साक्षांकित हवा, आणि त्यावरचं वडिलांचं नाव त्यांच्या पासपोर्टशी जुळायला हवं (पुन्हा तेच 'क्यूयूई'). विद्यापीठाचं व्हिसा शुल्क वाचतं. तोटा एकच, वडिलांची नोकरी गेली की मुलाचा रहिवासही धोक्यात येतो. कंत्राट संपत आलेलं असेल तर विद्यापीठाचाच व्हिसा बरा. काका-मामांच्या नावावर हे होत नाही, त्यांनी कितीही आग्रह केला तरी.

'आधी भेटीच्या व्हिसावर ये, मग बदलून घेऊ' हा सल्लाही ऐकू नका. बदल करता येतो, पण जादा शुल्क पडतं आणि मुदत संपली तर दंड.

सामान

बॅग भरताना आईला बाजूला बसवा आणि मसाल्याच्या डब्यांवर एक नजर टाका. खसखस अमिरातीत अमली पदार्थात मोडते, आणि आपल्या शागोतीच्या मसाल्यात ती हमखास असते. घरगुती मसाला न्यायचा तर खसखशीविना करून घ्या. विकतच्या पाकिटावरचे घटक वाचा. सुकं खोबरं विमानाच्या सामानात चालत नाही, तेल सुटून ते आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून. सोलां आणि उकड्या तांदळाला हरकत नाही. मामांसाठी फेणी मुळीच नको. २१ वर्षांखालच्या मुलाच्या बॅगेत दारू म्हणजे पहिल्याच दिवशी भानगड.

औषधांचं तितकंच कडक. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, प्रीगॅबालिन ही नियंत्रित यादीत आहेत. नियमित औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि तिथल्या सरकारकडून ऑनलाइन पूर्वपरवानगी काढा. तिथला प्लग चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश धाटणीचा असतो, आपली पिन त्यात बसत नाही. दोन अडॅप्टर पुरतात. साक्षांकित कागद हातातल्या बॅगेत.

तिकिटावर विमानतळाचं सांकेतिक नाव नीट पाहा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. पेडण्याच्या मुलाने दाबोळीचं तिकीट मोपाचं समजून काढलं तर पहाटे दोन तासांची धावपळ ठरलेली.

चवथीचंही आधी ठरवा. वर्ग ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला भरतात आणि गणपतीही त्याच सुमारास येतात. घरच्या गणपतीसाठी थांबायचं तर विद्यापीठाला आधी कळवून शेवटची हजर होण्याची तारीख लेखी घ्या. परवान्याचे ६० दिवस मोदकांसाठी थांबत नाहीत.

पोचल्यावर

पहिल्या आठवड्यात वैद्यकीय तपासणी: रक्ताची एचआयव्ही चाचणी आणि क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे. क्षयरोग होऊन गेला असेल तर निघण्याआधी इथे एक्स-रे काढून घ्या, आणि जुना डाग दिसला तर फी भरण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा विभागाशी बोला. फी भरून, विमानात बसून, तिथे नकार ऐकण्यापेक्षा हे परवडतं. मग बोटांचे ठसे आणि एमिरेट्स आयडी. हे कार्ड येईपर्यंत बँक खातं, पक्कं सिमकार्ड, भाडेकरार सगळं रेंगाळतं, तेव्हा पहिल्या महिन्याचा खर्च हाताशी ठेवा. आरोग्य विमा दुबईत सक्तीचा आहे. तो फीत धरला आहे का ते पाहा.

पहिलं वर्ष वसतिगृहात काढावं, महाग वाटलं तरी. बाहेर भाडं पुढच्या तारखांच्या धनादेशांनी घेतात आणि करार 'इजारी'त, म्हणजे दुबईच्या सरकारी भाडेकरार नोंदणीत, नोंदवावा लागतो. त्या नोंदीशिवायची स्वस्त 'बेडस्पेस' (खोलीतली एक खाट) म्हणजे पालिकेची धाड पडली की रस्त्यावर. शारजात भाडं कमी, पण सकाळी दुबईकडे येणारी वाहतूक इतकी तुंबते की वाचलेले पैसे झोपेतून वसूल होतात. दुबईतली अनेक विद्यापीठं जिथे आहेत त्या अकॅडमिक सिटीपर्यंत अजून मेट्रो नाही, जवळच्या स्थानकावरून बस घ्यावी लागते. विद्यार्थ्यांना मेट्रो-बसच्या वैयक्तिक निळ्या नोल कार्डावर निम्मं भाडं पडतं. मेट्रोत खाणं किंवा च्युइंगगम चघळणं म्हणजे १०० दिरहम दंड.

घरी फोन करताना व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागणार नाही, संदेश मात्र जातात. बोटिमसारखं तिथे मान्यता असलेलं अ‍ॅप आई-बाबांच्या फोनवर निघण्याआधीच घालून द्या, नाहीतर पहिल्या रात्री घरात उगाच घबराट होते. व्हीपीएन लावून पळवाट काढू नका, त्यात कायद्याचा धोका आहे. पार्टटाइम कामही परवाना आणि विद्यापीठाचं ना-हरकत पत्र असल्याशिवाय नको. ओळखीच्या दुकानात 'नुसतं बसायला' म्हटलं तरी ते कामच धरलं जातं.

मे-जूनच्या सुट्टीत गोव्यात आलात आणि आजारपणामुळे मुक्काम लांबला तर तारखा मोजा. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं तर रहिवास रद्द होऊ शकतो. आणि पदवी हातात पडली की त्या देशातले शिक्के निघण्याआधी तिथेच मारून घ्या. विद्यापीठ कोणत्या क्रमाने काय लागतं ते सांगतं, आणि एमिरेट्स आयडी चालू असेपर्यंत ते काम सोपं असतं. पणजीत बसून तेच करायचं म्हणजे मूळ पदवी कुरिअरने अनोळखी हातात सोपवणं आलं.